तांदळातलं नाव

५ सप्टेंबर १९९३

झालं एकदाचं! घरातले सगळे दाखले लॅमिनेट करून आणले. इथे हैदराबादेत आबिड्सला नवं दुकान निघालंय. कागद यंत्रात जातो काय आणि चकाचक होऊन बाहेर येतो काय! दुकानदार म्हणाला, "सौ साल कुछ नै होता साब." वडिलांची उर्दू सनद, माझी मॅट्रिक, प्रियाचा जन्मदाखला, हिचा शाळेचा दाखला — सगळे. आजवर ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपले. आता येऊ दे म्हणावं वाळवी, दात पडतील तिचे.

हिचा पासपोर्ट आता चुटकीसरशी. प्रियाचं पहिलं बाळंतपण, तेही न्यू जर्सीत. जावई दिवसभर कॉम्प्युटरपाशी. डॉक्टरांनी पोरीला झोपून राहायला सांगितलंय. आई जवळ हवीच.

१४ सप्टेंबर

घात झाला!!

पासपोर्ट ऑफिसात कारकुनानं हिच्या दाखल्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "सील हात कू लगना साब. ये तो पूरा चपटा कर दिए. नै चलता." कागदावर उठलेला शिक्का होता, तो यंत्रात दाबून सपाट झाला. मीच केला. हौसेनं, रांगेत उभा राहून!

एवढ्यावर भागलं नाही. "तारामती कौन? कुसुम कौन?" म्हटलं, एकच हो. आमच्यात लग्नात बायकोचं नाव बदलतात. "हौ साब, मगर कागज?"

रिक्षात ही दाखल्यावरून बोट फिरवत बसली होती.

१५ सप्टेंबर

ट्रंक उपसली. लग्नपत्रिकेवर तारामती. रेशनकार्डावर कुसुम. दोघींना जोडणारा कागद नाही. असणार कसा? ताटात तांदूळ पसरले, मी अंगठीनं 'कुसुम' लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि तांदूळ परत डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी शिजलेही असतील. नातेवाइकांत मी मोठा दप्तरदार! कुणाला काही लागलं की "लक्ष्मणरावांकडे असेल." आणि स्वतःच्या बायकोचा पुरावा मी भातात कालवून खाल्ला.

१७ सप्टेंबर

प्रियाचा फोन. आवाज खोल गेलाय. "बाबा, आई येतेय ना?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

१९ सप्टेंबर

शेजारचे हणमंतराव म्हणाले, प्लास्टिकवरून गरम इस्त्री फिरवा, सुटतं. सुटलं — पण शाईसकट. मधली ओळच प्लास्टिकला चिकटून वर आली. माझ्या हातात पारदर्शक चिंधी आणि तिच्यावर हिचं नाव, उलटं. खाली कागदावर पांढरा चट्टा.

रडलो. या वयात, इस्त्री हातात धरून रडलो. ही स्वयंपाकघरातून आली. माझ्याकडे बघितलं, आधी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग चिंधी घेतली, पदरानं पुसली आणि कुठेतरी ठेवून दिली. कुठे ते विचारायचं धाडस झालं नाही.

२० सप्टेंबर

काही सुचत नाही. ट्रंकेकडे बघवत नाही.

२४ सप्टेंबर

एसएससी बोर्डाच्या ऑफिसात गेलो. दाखल्याची नक्कल मिळते म्हणे. अर्ज मात्र हिनंच करायचा, जुन्या नावानं. तिथला माणूस वर सल्ला देतो — पासपोर्टही शाळेच्याच नावानं काढा, बाईंना सोपं पडेल. म्हणजे कुसुम नावाची कुणी नव्हतीच की काय! मग माझ्या फायलींमधून आजवर कोण नांदतंय?

घरी येऊन भडकलो. वकील गाठतो, अफिडेविट करतो, पेपरात जाहिरात देतो! ही गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तोवर प्रिया थांबणार आहे का? आणि तारामतीत वाईट काय आहे?"

"त्या नावानं सही तरी येईल का आता तुला?" मी ओरडलोच. तिनं गवारीची पुढची शेंग मोडली. जेवण गेलं नाही. माझ्यापायी पोर तिकडे एकटी पडणार, एवढंच डोक्यात घोळतंय.

२५ सप्टेंबर

अर्ज हिनं एकटीनंच भरून टाकला. मी पाहिला नाही. पाहवणारही नाही.

६ ऑक्टोबर

नक्कल आणायला गेलो होतो. बाकावर आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. खिडकीतून कारकुनानं तेलुगूत आदरानं हाक मारली, "तारामतीगारू!" कोण ही बाई म्हणून मी मान वळवून मागच्या बाकांकडे बघत राहिलो. ही केव्हाच खिडकीपाशी पोचली होती.