बिनसाखरेचा चहा

सौ. छबूस,

परळीहून हरिबाची मायेची आठवण.

फोनवर सांगितलं असतं तर तू लगेच रडायला लागली असतीस, म्हणून लिहितोय. मागं एकदा वीज केंद्रातल्या राखेचा टँकर चालवताना डोळ्यांपुढं अंधारी आली. गाडी कडेला घेतली, कुणाला काही झालं न्हाई. दवाखान्यात साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, "गोळी मी देते, पण ताट आणि पाय तुमचे आहेत."

तवापासून वडापाव बंद हाय. खोलीवर ज्वारीची भाकरी अन् भाजी मीच करतो. भाकरी अजून तुझ्यासारखी फुगत न्हाई. सकाळी मी अन् माझ्यासंगं गाडीवर असणारा आदिनाथ वैजनाथाच्या देवळापर्यंत चालत जातो. हॉटेलात बिनसाखरेचा चहा मागितला, तर मालक म्हणला, "काका, घरी भांडण झालं का?"

एका लग्नात जिलबी खाल्ली, लपवत न्हाई. पण दुसऱ्या सकाळी पुन्हा चालायला गेलो. आता हे चालणं सुटणार न्हाई. डाव्या पायाला कधी मुंग्या येतात, तेवढं सोडलं तर अंग लई हलकं वाटतं.

तुझे गुडघे कसे हायेत? आपल्या पोरीची, स्वप्नाची, परीक्षा झाली का?

पोळ्याला शिरूरला येईन, तवा मला एकच पुरणपोळी वाढ. अन् सकाळी माझ्यासंगं शिवारापर्यंत चल. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपण दोघं रिकाम्या हातानं, नुसतं चालायला म्हणून कधी निघालोच न्हाई. लोक बघतील, तर बघू देत.

तुझाच,
हरिबा