आईसाठी चौदा तुकडे

३ जून
महिनाभराची रजा मंजूर. आईला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. डॉक्टर म्हणाले, जवळ बसा, जुने फोटो दाखवा. नुसतं बसून राहणं आपल्या स्वभावात नाही. स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पात्याची नक्षी कापायची विजेची करवत आणली, आतल्या खोलीत मांडली. आई, ताई आणि लहानपणीचा मी, हा फोटो प्लायवूडवर चिकटवून चौदा तुकड्यांचं कोडं करणार. आई रोज जुळवेल, मला ओळखेल. चार दिवसांचं काम.

४ जून
लाकूड मशीनवर थयथया नाचलं. इथेच घोडं पेंड खात होतं: पातं उलटं, दात वर! माहितीपत्रक नीट लिहीत नाहीत लेकाचे.

७ जून
पाच पाती तुटली. दुकानदार फोनवर म्हणाला, लाकूड रेटू नका, पात्याला त्याच्या चालीने कापू द्या. मी कुठे रेटतो? पातीच हलकी. ताई म्हणाली, अरे, आई सारखी तुला विचारतेय, जरा बस जवळ. म्हटलं, तिच्यासाठीच तर मरमर मरतोय!

१२ जून
ताईचं डोकं उडालं. फोटोतलं. पातं सैल होतं. ताई हसली नाही. फोटोची नवी प्रत काढली. उद्यापासून: आधी पातं ताणायचं, मग मशीन. संध्याकाळी आईजवळ बसायचं म्हणजे बसायचं.

१३ जून
बसणं राहिलं.

१९ जून, सकाळी ११
आईने हाक मारली. चक्क नावाने! पण वळणावर होतो, हात काढला की कड बिघडते. दोन मिनिटांत गेलोच. तिने विचारलं, कोण हवंय आपल्याला? असो. हाक मारली म्हणजे सुधारणा आहे. कड सुरेख आलीये.

२९ जून
कोडं तयार! तुकडे लोण्यासारखे बसतात. उद्या आई मला ओळखणार. पैज.

३० जून
रजा संपली. आईने चौदाही तुकडे एकटीने जुळवले. फोटोतल्या माझ्या गालावरून बोट फिरवलं, म्हणाली, हा माझा धाकटा. मला रडू आवरेना.
मग माझ्याकडे बघून म्हणाली, मिस्त्री, काम छान केलंत हो. बसा ना. तो आतल्या खोलीत काहीतरी करत असतो, येईलच आता, त्याला दाखवते.
बसलो. महिन्यात पहिल्यांदाच. तासभर आम्ही दोघांनी त्याची वाट पाहिली.
आला नाही.