बगळ्याचं तोंड

सर, तुम्ही असता तर हे लिहीत बसलोच नसतो, तडक तुमच्या दारात आलो असतो. आज सकाळी शेलारच्या कारखान्यात एम्ब्रॉयडरी मशीनला धागा लावत होतो. शेठने हळदीची नवी ऑर्डर कॉम्प्युटरवर टाकली. हल्ली हळदीला सगळ्या भावकीला एकसारखी जॅकेटं लागतात आणि छातीवर बिल्ला. उघडून बघतो तर ढाल. तिच्या एका अर्ध्यात गोदामाचं शटर आणि चावी, दुसऱ्या अर्ध्यात निळ्यावर पांढरा बगळा, चोचीत खाडीतली निवटी मासळी. आपला बगळा, सर. रीळ हातातून कधी पडलं कळलंच नाही. शेजारच्या कारागिराने विचारलं, क्या हुआ, करंट लगा? मी हो म्हटलं.

तुमचा शाळा सुटल्यानंतरचा चित्रकलेचा वर्ग आठवतो. रद्दीतून आणलेलं युरोपातल्या ढालींचं ते पुस्तक टेबलावर उघडं आहे. तुम्ही सांगताय की तिकडच्या सरदारांच्या ढालीवर निळ्याला निळा म्हणत नाहीत, अ‍ॅझर म्हणतात. लाल म्हणजे गूल्स. पिवळं हे सोनं, पांढरं ही चांदी, आणि रंगावर रंग किंवा धातूवर धातू चढवायचा नाही, नाहीतर लांबून काही ओळखू येत नाही. मागच्या बाकावरून ती विचारते, निळ्याला निळा म्हटलं तर राजा मारतो काय. सगळे हसतात, तुम्हीसुद्धा. मग तुम्ही सांगता की लग्न न झालेल्या मुलीला तिकडे ढाल मिळत नसे, उभ्या पतंगासारखी चौकट मिळे, कारण बाई काही लढाईला जात नाही. त्यावर ती जी पेटली. "मना ढालच पायजे," म्हणाली. म्हणून मी तिला ढाल काढून दिली, आणि तिचं घर खाडीकडचं म्हणून त्यात बगळा. तुम्ही येऊन माझा कान धरलात. "ढाल बघणाऱ्याची नसते, धरणाऱ्याची असते. प्राणी धरणाऱ्याच्या उजवीकडे बघतो. तोंड फिरवलं की तो पळपुटा दिसतो." मी खोडलं, पुन्हा काढलं. नंतर ते पुस्तक तुम्ही आम्हा दोघांना मिळून दिलंत, एक आठवडा तिच्याकडे, एक माझ्याकडे. असं करून तुम्ही काय करून ठेवलंत हे तुम्हाला माहीत होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.

दुसरा धक्का जरा उशिरा बसला. नवऱ्याची निशाणी धरणाऱ्याच्या उजव्या अर्ध्यात, बायकोची डाव्या, हा त्या पुस्तकातला नियम. स्क्रीनवर बरोबर तसंच होतं. भिवंडीत हे आणखी कुणाला सुचणार? म्हणजे ही ढाल तिने स्वतः जोडली होती. तिच्या होणाऱ्या सासरचं, दापोड्याच्या गोदामवाल्यांचं शटर आणि माझा बगळा, आणि बगळा नियमाप्रमाणे शटरकडे बघत उभा. माझं डोकं कसं आहे तुम्हाला माहीत आहे. तिला काहीतरी बोलला म्हणून एकाचं नाक फोडून मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेलं. आज स्क्रीनच फोडणार होतो.

दुपारी ती नमुना बघायला आली. तिचा भाऊ शेठसोबत चहाला बसला, ती मशीनपाशी. मी दात खाऊन विचारलं, हे काय आहे. ती धाग्यांकडे बघत म्हणाली, "घरात सांगितलं मी. बगळा दाखवला, तुझं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, पोराचा हात चांगला हाय, मंग ऑर्डर त्यालाच द्या."

मला हसावं की ओरडावं कळेना. मी विचारलं, पुढं बोलली नाहीस?

"बोलले. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला."

मी म्हटलं, बाईक गेटला आहे, चल, आत्ताच. तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "कॉलेज सोडलंस तेव्हा पण बाईक गेटलाच होती. तेव्हा मला विचारलंस?" मग तिने बिल्ल्यावर बोट ठेवलं. "याचं तोंड फिरव. घरात कुणाला कळणार न्हाय, दापोड्यात पण न्हाय. तुला कळंल, मला कळंल." भाऊ हाक मारत होता. ती गेली.

सर, त्या कॉम्प्युटरमध्ये आरसा नावाचं बटण असतं, एकदा दाबलं की निवडलेलं चित्र उलटं. मी फक्त बगळा निवडला आणि ते दाबलं. मशीनच्या सगळ्या सुया एकदम खाली आल्या आणि रांगेतल्या सगळ्या बगळ्यांनी शटरकडे पाठ केली. तुम्ही पुन्हा कान धरला असता. पण मला त्यातला एकही पळपुटा दिसला नाही. दिसला असता तर तिचा राग तरी करता आला असता.

हा कागद मी त्या ढालींच्या पुस्तकातच ठेवतोय. या आठवड्यात ते तिच्याकडे जायचं होतं, आता नाही जाणार. शेठला सांगितलं, एक बिल्ला जास्तीचा निघाला. निघाला नव्हता, मी काढला.