गाडीला कॅमेरा बसवायला गेलो आहोत

शिवकन्या,

शाळेतून येशील तेव्हा घरात कोणी नसेल. तुझे मामंजी, मी आणि आमचा भागवत गाडी घेऊन जालन्याला चाललो आहोत. गाडी मागे घेताना मागचं दिसावं म्हणून कॅमेरा बसवायचा आहे. जुना टेप काढून त्या जागी पडदा येईल. पिठलं झाकून ठेवलं आहे.

गाडी हौदाला घासली त्या दिवसापासून तू किल्लीला हात लावला नाहीस, भाड्याच्या जीपने शाळेत शिकवायला जातेस. "सुनेला गाडी जमत न्हाई," असं हे सगळ्यांना सांगत फिरले आणि तू ऐकून घेतलंस. पण त्या दिवशी मी ओसरीवरच होते. हे शेजारी बसले म्हणून तू पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला होतास. मान वळवली असती तर तो पडला असता.

मीही सासऱ्यांबरोबर बैलगाडीतून अशीच जायचे. घनसावंगीच्या रस्त्यावर एवढी लिंबाची झाडं आहेत, हे मला सासरे गेल्यावर कळलं.

काल यांना म्हटलं, "कॅमेरा मागचं दाखवील, आजूबाजूचं तिलाच बघायचंय. पदर खांद्यावर राहील."

"मंग माघारी लोक काय म्हणतील?"

"माघारचे लोक पडद्यावर दिसतीलच की तुम्हाला."

हसले नाहीत. पण आज सकाळी गाडीतल्या भजनाच्या कॅसेटी स्वतःच काढून पिशवीत भरल्या.

उद्या शाळेत गाडीच ने. आम्ही दोघंही येणार आहोत. तुझ्या शेजारी मी बसेन, हे मागे बसतील.

आत्याबाई