दातवाली बाहुली

मंगळवार, दारव्हा, दिवेलागण

कपाट उघडलं, तं माही दातवाली बाहुली गायब! महिनाभर वाट पाहून मागवलेलं डिझायनर खेळणं, काचेआड ठेवलं होतं. सापडलं कुठं? बाबाच्या जीपले, लिंबू-मिरचीच्या खाली, काळ्या बाहुलीच्या जागी तारेनं टांगेल.

मी चिडलो. "बाबा, ही जपून ठेवाची वस्तू हाये, नजरेसाठी टांगाची नाही."

"मंग तिले एवढे दात कायले?" बाबा म्हणे.

खेळणी जमवणाऱ्यायच्या ऑनलाइन ग्रुपवर तिच्या रंगाबद्दल मी किती बोलतो. पण दात कायले? कधी मनातच आलं नाही.

तार सोडवाले निघालो, तेवढ्यात काकाचा फोन. त्याचीही जीप हाये; दुपारीच बाबाची पाहून गेलता. "तशी दातवाली अजून एक भेटंल का रे?"

माह्या खेळण्यायबद्दल घरच्या कोणी आजवर काही इचारलंच नव्हतं. तार तशीच राहू देली. काकाले लिंक पाठवली.