आईशिवाय मोजलेलं स्वयंपाकघर

फ्रांकफुर्ट, ३ मार्च १९२९

चि. आल्विन यास ओटिलीताईचे आशीर्वाद. वि. वि.

तू आखलेल्या नव्या वसाहतीत राहायला येऊन आम्हाला चाळीस दिवस झाले. घरात ऊन भरपूर आहे, नळाला गरम पाणी येते, तुझ्या मेहुण्यांचा खोकलाही कमी झाला. तेवढ्याचे श्रेय खुशाल घे. स्वयंपाकघराचे मात्र घेऊ नकोस. आत मी उभी राहिले की दुसऱ्या माणसाने बाहेर थांबायचे. आईची नजर गेल्यापासून जुन्या घरी ती माझ्या चुलीपाशी बसून बटाटे सोलायची, दिवसभर माझ्याशी बोलायची. आता भिंतीपलीकडे एकटी असते. ‘मी घरात आहे हे तुझ्या लक्षात असते ना?’ असे परवा विचारत होती. ती भिंत पाडायची परवानगी मिळवून दे. एवढे कर, मग लोभाचे बोलू.

ओटिली

बर्लिन, ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा राग ओळीओळीतून पोचला. स्वयंपाकघर लहान आहे ते मुद्दाम. जुन्या घरी घड्याळ लावून मी तुझीच पावले मोजली होती. निम्मी वाया जात होती. त्याच मापावर तिथे आणखी चारशे घरे उभी राहणार आहेत. आज तुझी भिंत पाडली तर उद्या बिऱ्हाडागणिक हातोडा निघेल. नव्या घराची सवय माणसांनीच करून घ्यायला हवी. आईला खिडकीजवळ बसव, तिथे ऊन छान येते. राग आवरून माया ठेव.

आल्विन

फ्रांकफुर्ट, १४ मार्च

चि. आल्विन,

आशीर्वाद आज लिहवत नाहीत. मापे घेताना आई मध्ये येते म्हणून तू तिला उचलून अंगणात बसवलेस, आठवते? तुझ्या कागदावर एकटी बाई उरली ती अशी. बटाटे ती सोलायची, शेंगा ती निवडायची, दूध उतू जायला आले की वासावरून तीच सांगायची. त्यात माझी किती पावले वाचत होती, ते तू मोजलेस? इतकी शहाणी चूक तुम्ही शिकलेली माणसेच करू जाणोत. आई हल्ली जेवतही नाही धड.

ओटिली

बर्लिन, २ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

परवानगी मिळाली. ऑफिसात माझी शोभा झाली, पण होऊ दे. चूक माझीच होती. सोमवारी गवंडी येईल. आईला सांग.

आल्विन

फ्रांकफुर्ट, ९ एप्रिल

आल्विन,

गवंडी परत पाठवला. आई शनिवारीच चर्चच्या वृद्धाश्रमात गेली. मी पाया पडले, तरी थांबली नाही. भिंत पाडली तर तुझे नाव खराब होईल, म्हणून गवंडी यायच्या आधी तिला घर सोडायचे होते. तुला मात्र सांगायचे, की तिथे बोलायला सोबत आहे म्हणून हौसेने गेली. तशी शपथच घातली होती मला.

ती मी मोडली. तुला सुखाने झोप लागावी, एवढी माया आता माझ्यात उरलेली नाही.

ओटिली