घोट्याचं हाड जुळेपर्यंत

तात्या, तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, तरी तुमच्या घोट्याचं ते ऑपरेशन माझ्या मनातून जात नाही. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना तुमचा उजवा पाय मुडपला, घोटा मोडला. प्लास्टर झालं, ते निघालंही. पण सात-आठ महिने उलटले तरी पाय टेकला की कळ यायचीच. शेवटी मी तुम्हाला बारामतीला नेलं. डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले, "हाड जुळलेलंच नाही. कंबरेतलं थोडं हाड काढून फटीत भरू, वर पट्टी आणि स्क्रू." तुम्ही म्हणालात, "काठी हाय की. चालतंय तसंच." मी हट्ट सोडला नाही. मग तुम्ही हळूच विचारलंत, "पर तू ऱ्हाशील न्हवं घरी?" आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी हो म्हणाले.

भूल उतरल्यावर तुमचं पहिलं वाक्य होतं, "पाय मोडला म्हणून आलो, आन् ह्यांनी कंबर खणली व्हय." मी हसले. तुम्ही मात्र बराच वेळ माझा हात सोडला नाहीत.

आठव्या दिवशी तुम्हाला अंथुर्ण्याला घरी आणलं. तीन महिने पाय टेकवायचा नव्हता. अजून दिसतं: तुम्ही बाजेवर, पाय उशीवर, शेजारच्या काकूंनी आणलेली भाकरी झाकून ठेवलेली. मी पिशवी उचलते. "शाळेतून रजा मिळत नाही," मी म्हणते. "मग जायाच पायजे. नोकरी हाय," तुम्ही म्हणता आणि भिंतीकडं तोंड वळवता. काकू नंतर सांगत होत्या, तुम्ही दिवसभर रेडिओ लावून ठेवायचात. ऐकायला नव्हे, घरात कुणी बोलतंय असं वाटावं म्हणून.

दिवाळीला आले तर तुम्ही एसटीच्या थांब्यावर उभे, काठीशिवाय. "जुळलं गं हाड," एवढंच म्हणालात आणि माझी पिशवी घेऊन पुढं चालू लागलात. मी मागून तुमच्या पायाकडं बघत घरापर्यंत आले.

हे कागद कुठं धाडायचे नाहीत, म्हणून लिहिते. रजेचा अर्ज मी केलाच नव्हता. आई नसलेल्या त्या घरात तीन महिने तुमच्यासमोर बसायची मला भीती वाटत होती. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही "आसू दे" म्हणाला असतात. तेच मला ऐकायचं नव्हतं.